खुलासा : ऑइलर बसवला तरी चेनकडे बघावंच लागतं

‘मोटरसायकलला ऑटोमॅटिक चेन ऑइलर बसवा, त्यात इंजिनचं काढलेलं जुनं तेल भरा, पुन्हा चेनला हात लावायला नको’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ऑइलर म्हणजे गाडी चालताना नळीतून चेनवर थेंब-थेंब तेल सोडणारं उपकरण.

जुन्या तेलात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते. ती चेनच्या रोलरमध्ये आणि स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दात्यांमध्ये जाऊन घासते. ऑइलरला स्वच्छ तेलच लागतं, शक्यतो त्याच्या उत्पादकाने सांगितलेलं. ओ-रिंग चेनमध्ये (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या चेनमध्ये) पिनचं ग्रीस रिंगांच्या आत कारखान्यातच बंद केलेलं असतं. बाहेरचं तेल रोलरसाठी, गंज टाळण्यासाठी आणि रिंगा कोरड्या पडू नयेत म्हणून.

प्रमाण मिनिटाला एक-दोन थेंब, पावसात थोडं जास्त. याहून वाढवलं तर तेल उडून मागच्या टायरवर आणि ब्रेक डिस्कवर जातं, आणि वळणावर गाडी घसरते. यात खरा धोका आहे. म्हणून नळीचं टोक मागच्या स्प्रॉकेटच्या खालच्या भागाला, दात्यांच्या मुळाशी टेकवा. व्हॅक्यूमवर (इंजिनच्या ओढीवर) चालणारा ऑइलर इंजिन बंद होताच थांबतो. साध्या तोटीचा मात्र हाताने बंद करावा लागतो, नाहीतर उभ्या गाडीखाली थारोळं.

ऑइलर चेनचा ताण जुळवत नाही. तो मॅन्युअलमधल्या मापानुसार तपासत राहा. चिखल बसला तर रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसा. पेट्रोलने रिंगा खराब होतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.