‘तेव्हा कुणाला खटकत नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या हॉलिवूड विनोदपटांबद्दल एक मजकूर सिनेमाप्रेमींमध्ये सतत फिरत असतो. तेव्हा लोक मोकळेपणानं हसायचे, कुणाला काही खटकत नव्हतं. गोऱ्या नटांनी तोंडाला रंग फासला, कारण दुसरे नट होतेच कुठे. आणि आज यावर बोलणाऱ्यांना हे सिनेमे बंदच पाडायचेत. या सिनेमांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून हे असंच सोडून देववत नाही.

खटकत नव्हतं? १९६१च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये मिकी रूनी या गोऱ्या नटानं नकली दात लावून जपानी शेजारी रंगवला. ही भूमिका म्हणजे विडंबन आहे, अनेकांना ती दुखावेल, असं ‘हॉलिवूड रिपोर्टर’च्या समीक्षकानं त्याच वर्षी लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेनं छावण्यांत डांबलं, त्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. छावणीतून परतलेल्या माणसाला ते दात बघून काय वाटलं असेल, हे विचारायला कोण गेलं होतं? त्याच्याही आधी, १९३१मध्ये, गोरे नट कृष्णवर्णीयांची नक्कल करत त्या ‘एमॉस अँड अँडी’ या रेडिओ कार्यक्रमाविरुद्ध ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं सह्यांची मोहीम चालवली होती.

नट नव्हते, हेही खोटं. रूनीच्या त्या भूमिकेच्या तीनच वर्षं आधी मियोशी उमेकी या जपानी अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं होतं आणि सेस्यू हायाकावा या जपानी अभिनेत्याला नामांकन.

‘एमॉस अँड अँडी’वरच्या १९३०च्या ‘चेक अँड डबल चेक’ची गोष्ट तर ऐकाच. दोन्ही नायक गोरे, काळा रंग लावलेले. सिनेमात ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय जॅझ संगीतकाराचा वाद्यवृंद आहे. त्यातले वान टिझोल आणि बार्नी बिगार्ड उजळ वर्णाचे, म्हणून त्यांनाही काळं फासलं. पडद्यावर गोरे-काळे एकत्र वाजवताहेत असं कुणाला वाटायला नको! म्हणजे अडचण नटांच्या तुटवड्याची नव्हतीच.

१९६८चा ‘द पार्टी’ आपल्या जवळचा. पीटर सेलर्स या ब्रिटिश नटानं तपकिरी रंग लावून हृंदी बक्षी हा भारतीय केला. त्या अख्ख्या मेजवानीत सर्वांत सभ्य माणूस तोच, हे मला मान्य आहे. पण त्याच्या उच्चारांवर पिकवलेला हशा आपल्यावरचाच आहे.

राहिला बंदीचा मुद्दा. बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदवीराला घेऊन १९१३मध्ये एक चित्रपट चित्रित झाला. त्याच्या तोंडाला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काजळी होती, बाकी कृष्णवर्णीय कलाकार मात्र आपल्याच चेहऱ्यानं वावरले. तो पुरा झालाच नाही. पण तो दडवून न ठेवता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१४मध्ये ती रिळं जुळवून लोकांसमोर आणली. त्यात विल्यम्स आणि ओडेसा वॉरन ग्रे जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसलेत, आणि शेवटी एकमेकांचं चुंबन घेतात.