फुकटात सँपल मागणाऱ्यांनो, आता बास झालं

आज सकाळी परत तोच मेसेज. "नमस्कार मॅडम, आमच्या सरांचं पुस्तक करायचंय, एक चॅप्टर सँपल म्हणून लिहून पाठवा, आवडलं तर पुढचं बोलू." एक चॅप्टर म्हणजे किती तर अडीच हजार शब्द, आणि पैशाचं विचारलं तर म्हणे सँपलचे कसले पैसे मॅडम. डोकंच फिरलं माझं. गॅसवर दूध होतं ते पण उतू गेलं.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घोस्टरायटिंग, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर छापायची पुस्तकं लिहून द्यायचं काम, सुरू केलं तेव्हा असली सँपलं मी मुकाट्यानं लिहून दिलीत, मोजून सात. नवीन आहे, कुणाला माहीत नाही, काहीतरी दाखवायला लागेलच ना असं वाटायचं. त्यातलं एक होतं आहाराच्या पुस्तकाचं, मला दिलेलं प्रकरण चौथं, मधुमेहींचा नाश्ता. मी दोन रात्री जागून लिहिलं, ताकातली ज्वारीची उकड कशी करायची, पीठ ताकात गुठळी न होता कसं कालवायचं, वरून लसणाची फोडणी, माझी आजी करायची तसं सगळं. चार दिवसांनी उत्तर आलं, "सॉरी, आमच्या टोनला मॅच होत नाही." बरं म्हटलं, नसेल जमलं. मग महिन्याभरानं आमच्या लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मुलगी म्हणाली मी पण आहाराच्या पुस्तकाचं सँपल दिलं होतं, सहावं प्रकरण, आणि दुसरी म्हणाली मी दुसरं दिलं. तिघींना तोच नंबर, तिघींना तेच टोनचं वाक्य! पुढं ते ई-बुक आलं तेव्हा मी पैसे भरून विकत घेतलं, उघडून बघते तर आजीची उकड जशीच्या तशी, स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही. ही चोरी नाही तर काय आहे?

आणि सँपल द्यायला नको म्हणावं तर विचारतात आधी काय काय लिहिलंय ते दाखवा. अहो हे कामच असं आहे की जे लिहिलं ते माझं म्हणून दाखवायचं नाही! सुरुवातीला दाखवायला काही नसतं म्हणून काम मिळत नाही, आणि काम मिळालं की गुप्ततेच्या करारावर सही घेतात म्हणून दाखवता येत नाही, दोन वर्षं झाली तरी माझी फाईल बघायला गेलं तर रिकामीच. मग परत सँपल, परत फुकट. यातून नवीन माणसानं बाहेर पडायचं कसं हे कुणी सांगत नाही. सांगतात ते ९९ रुपयांचे वेबिनारवाले, घरबसल्या महिन्याला ५० हजार, आणि दीड तास बसल्यावर कळतं की खरा कोर्स १२ हजारांचा आहे.

दराचं तर बोलायलाच नको. शब्दाला २० पैसे, २५ पैसे. माझी एक मैत्रीण इंग्रजीत हेच काम करते तिला शब्दाला रुपया-दीड रुपया मिळतो, आणि आम्हाला म्हणतात मराठी काय, मराठी तर सगळ्यांनाच येतं. आणि मुळात शब्दावर पैसे मोजणं हाच मराठीवर अन्याय आहे. "घरासमोरच्यांनीसुद्धा" हा कॉम्प्युटरला एक शब्द दिसतो, हेच इंग्रजीत लिहायला सात-आठ शब्द लागतात. आपल्याकडं विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळं शब्दाला चिकटून येतं, म्हणजे तेवढाच मजकूर, तेवढीच मेहनत, आणि मोजणीत शब्द कमी. वर दरही कमी. दोन्हीकडून कापतात आणि आपण गप्प बसायचं.

पहिलं पैशाचं पुस्तक मिळालं ते एका उद्योजकाचं आत्मचरित्र. ४५ हजार शब्द, ४० पैसे दर, १८ हजार रुपये. मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. पाच हजार आधी, पाच मध्ये, आठ शेवटी असं ठरलं, तेही फोनवर. करार? "ताई, आपण घरचेच, कागद कशाला." (पैशाचा विषय निघेपर्यंत मी मॅडम होते.) आणि माझं नाव कुठं येणार नाही, कुणाला सांगायचं पण नाही, हे मात्र तीनतीनदा बजावलं. मी हो म्हटलं. नाव नको हे मला मान्यच होतं.

मग अकरा तासांची रेकॉर्डिंग आली, सगळी गाडी चालवताना केलेली. हॉर्न, वायपर, मध्येच टोलवाल्याशी भांडण, मध्येच दुसऱ्या फोनवर माल पाठवा रे. तासाभराचं ऐकून उतरवायला मला चार-पाच तास लागायचे, त्याचे पैसे वेगळे असतात हे मला माहीतच नव्हतं. आणि त्या अकरा तासांत काय होतं, तर मी कसा मोठा झालो, मंत्री कसे घरी आले, परदेशात कुठं कुठं गेलो. पुस्तक उभं राहील असं काहीच हाताला लागेना. शेवटी मीच त्यांच्या आईंचा नंबर मागून घेतला आणि गावी फोन केला.

त्या आजी आधी बोलायलाच तयार नव्हत्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, ७२ च्या दुष्काळाचं. खडी फोडायला जायच्या, हाताला फोड यायचे त्यावर चिंधी बांधायच्या, आणि कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची ती स्वतः खायच्या नाहीत, पदराच्या गाठीत बांधून चार वर्षांच्या पोरासाठी घरी आणायच्या. स्वतः मिलोची भाकरी, ती तांबडी परदेशी ज्वारी, भाकरी थापता यायची नाही म्हणाल्या, कडा तुटायच्या. आणि म्हणाल्या, "त्याला नाय म्हाईत, त्याला वाटायचं आई कामावर पोटभर खाती." मी फोन ठेवून रडले. सरांच्या अकरा तासांत यातलं एक अक्षर नव्हतं, कारण सरांना ते ठाऊकच नव्हतं.

तो परिच्छेद मी नऊ वेळा लिहिला. नऊ.

पुस्तक लिहून दिलं तर छापणारे म्हणाले युनिकोड (मोबाईल-कॉम्प्युटरवर आपण नेहमी टाइप करतो ते) चालत नाही, श्रीलिपी या छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये द्या. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार उडाले, पूर्वीचं पूवी, सूर्यचं सूय, जोडाक्षरं फुटली, ४५ हजार शब्द परत पहिल्यापासून वाचून दुरुस्त केले, बारा दिवस गेले त्यात, एक पैसा नाही. मधल्या पाच हजारांतले ५०० "टीडीएस" म्हणून, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडं भरायचा आयकर म्हणून, कापले होते. नंतर एका ओळखीच्या सीएंनी सांगितलं की व्यावसायिक फीवर तेव्हा वर्षाला ३० हजारांपर्यंत टीडीएस कापायचाच नसतो (आता ती मर्यादा ५० हजार झालीये), आणि कापला तर भरायचा तरी असतो. माझं २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर भरला गेला ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, उघडून बघितलं, त्यात ते ५०० नाहीतच. कापले ते गेले कुठं?

आणि शेवटचे आठ हजार? "प्रकाशन झालं की लगेच." प्रकाशन झालं. मी स्वतःच्या खर्चानं एसटीनं गेले, मागच्या रांगेत बसले. आणि सर उभे राहिले आणि वाचला कुठला उतारा तर तोच, सुकडीचा. वाचताना डोळे पुसले, हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सर म्हणाले, "पहाटे चारला उठून लिहिलंय हे, रडत रडत." आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून मागं बघितलं, कुणाला शोधत होत्या मला माहीत नाही, मी त्यांना कधी भेटले नव्हते, फक्त आवाज ओळखीचा.

तरी पण ऐका, मी नावासाठी भांडत नाहीये. मराठीत शब्दांकन अशी चांगली जुनी सोय आहे, आतल्या पानावर "शब्दांकन" म्हणून लिहिणाऱ्याच्या नावाची एक ओळ टाकतात, कुणाची पत जात नाही त्यानं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव अगदी शेवटी ओवीत घातलंय, आदरानं. पण ठीक आहे, नको म्हणालात, मी कबूल केलं. पण नाव सोडलं म्हणजे मजुरी सोडली असं कुणी ठरवलं? प्रकाशनाला आता दीड वर्ष होत आलं. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "अकाउंटंट रजेवर", मग "ताई तुम्ही पैशासाठी फार मागं लागता बरं का, आपले संबंध आहेत", आणि आता फोनच उचलत नाहीत. हॉलच्या डेकोरेशनला पैसे होते, फेटे बांधणाऱ्याला होते, शाल-श्रीफळाला होते.

मी एका वकिलांकडं गेले तेव्हा कळलं ते नवीन लिहिणाऱ्यांना कुणीच सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, सहीसकट. फोनवर हो म्हटलं म्हणजे हक्क गेले असं होत नाही. आणि लेखी दिले पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाचच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. माझी सही असलेला एकही कागद त्या सरांकडं नाही. कागद कशाला म्हणणारे तेच होते. आणि दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, सरकारी साईटवर आधार-पॅनवर होते, फुकट, एजंटला हजार-पंधराशे देऊ नका. ती असली की समोरच्यानं ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात, लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. माझी नोंदणी नंतरची त्यामुळे त्या जुन्या बिलाला उपयोग नाही, पण तुम्ही पहिलं काम घ्यायच्या आधी करा, आजच करा.

आता नवीनच सुरू झालंय, एआयनं काढलेला मजकूर पाठवतात आणि म्हणतात फक्त ह्युमन टच द्या, शब्दाला १० पैसे. "दिवसाच्या शेवटी कुटुंब हेच सर्वस्व असते" असली वाक्यं, पानंच्या पानं. हे पुसून परत लिहायला नवीन लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि ते यंत्र काय गावी फोन करून आजीला विचारणार आहे का पदरात काय बांधून आणायचात म्हणून?

तर सकाळच्या त्या मेसेजला मी उत्तर दिलंय. सँपल ५०० शब्दांचं, ५०० रुपये, आधी जमा, काम दिलंत तर बिलातून वजा करीन. रेकॉर्डिंग उतरवायचे वेगळे. करार सहीसकट, अर्धे पैसे पहिल्या दिवशी. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. नाही आलं तरी चालेल, आठवं सँपल मी लिहिणार नाही.

आणि त्या आत्मचरित्रवाल्या सरांना वकिलाची नोटीस जातीये सोमवारी. साडेआठ हजारांची, त्या कापलेल्या ५०० सकट. मजकूर मीच लिहिलाय, वकिलांनी फक्त कलमं घातली. सोबत आजींबरोबरच्या फोनची तारीख, परिच्छेदाचे नऊ ड्राफ्ट, आणि छापील पुस्तकातला पान नंबर.