गाळावर विश्वास नाही, पण गाळाचाच पुरावा हवा

आमच्या शेतीच्या ग्रुपवर एक मजकूर परत परत फिरतोय: “हवामान खातं सुरू झालं 1875 साली. मग चार हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ तळ्यातला गाळ उकरून सांगणारे हे कोण? आणि दुष्काळ तेव्हाही पडत होते, मग आताच्या तापमानवाढीची बोंब कशाला?”

साल बरोबर आहे. पण नोंद काय फक्त खात्याच्या वहीतच होते? पाण्यात ऑक्सिजन-16 असतो आणि थोडासा जड ऑक्सिजन-18. वाफ होताना हलका आधी उडतो. पावसानं ओढ दिली, तळं आटलं, की उरलेल्या पाण्यात जडाचं प्रमाण वाढतं. त्या पाण्यात तयार झालेला चुना ते प्रमाण घेऊनच तळाशी बसतो.

कार्बनचं तर आपल्या रानातच बघा. ज्वारीच्या कडब्यात कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जड प्रकार, तुराटीपेक्षा जास्त असतो, कारण दोन्ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या रीतीनं घेतात. आपल्याकडची बहुतेक गवतं ज्वारीच्या रीतीची, झाडं तुरीच्या. म्हणून गाळात कुजलेल्या पाल्यावरून तेव्हा आसपास झाडी होती की नुसतं गवत, याचा अंदाज येतो.

“आमच्या तलावातला गाळ जेसीबीनं काढून शेतात टाकला, त्यात कुठं दिसला इतिहास?” हा टोमणा निम्मा खरा. उकरलेल्या गाळाचे थर मोडलेले असतात, आणि जायकवाडीचं वय ते किती! त्यासाठी लोणारचं सरोवर लागतं, मंठ्याच्या पुढं, बुलढाणा जिल्ह्यात. तिथं पाणी आत येतं, बाहेर वाहून जायला वाट नाही. तिथल्या सुमारे 10 मीटर गाळाच्या अभ्यासात (2014) दोन लांबलचक कोरडे काळ दिसले: 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे. तेही एकट्या आयसोटोपच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या या हलक्या-जड प्रकारांच्या, भरवशावर नाही. पाणी फार खारं झाल्यावरच बनणारे गेलुसाइटचे खडे त्याच थरांत सापडले.

राहिला शेवटचा मुद्दा. दुष्काळ पूर्वीही होते, अगदी कबूल. पण चार हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ तुम्हाला कळला कुठून? ज्या गाळाला वरच्या ओळीत थाप म्हटलंत, त्यातूनच की! आणि आताच्या वाढीचा माग कार्बनच देतो. कोळसा आणि तेल जुन्या वनस्पतींपासून बनलेलं, त्यात कार्बन-13 हवेतल्यापेक्षा कमी. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत 280 वरून 420 च्या वर गेला, तसं त्यातलं कार्बन-13 चं प्रमाण घसरत आलंय. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून तो आला असता, तर ही घसरण अशी दिसली नसती.