टीना आन्सेल्मी आणि आमच्या मामीचा राखीव गट

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. मामीचा जिल्हा परिषद गट महिला राखीव निघाला, मामी उभी राहणार म्हणाली, तर एका मावसभावाने लगेच लिहिलं की नाव तिचं, कारभार मामाच बघणार. दुसऱ्याने आरक्षणाची बाजू घेतली, म्हणाला ते नसतं तर तिला तिकीट कोणी दिलं असतं. दोन दिवस तेच चाललं. मी इकडे इटलीत ट्रेव्हिसोजवळ राहते, मी गप्पच बसले कारण मला जे सांगायचं होतं ते ग्रुपवर मावणारं नव्हतं.

माझ्या घरापासून कास्तेलफ्रांको व्हेनेतो जवळच आहे. टीना आन्सेल्मी तिथली, जन्म १९२७. इटलीची पहिली महिला मंत्री. वडील औषधांच्या दुकानात मदतनीस, म्हणजे कुणाची सून म्हणून किंवा कुणाची लेक म्हणून तिकीट मिळालं असं तिच्याबाबतीत म्हणायची सोयच नाही. १७ वर्षांची असताना बासानो गावात शिकत होती, तेव्हा सप्टेंबर १९४४ मध्ये नाझी आणि फॅसिस्टांनी रस्त्याकडेच्या झाडांना ३१ जणांना फासावर लटकवलं आणि शाळेतल्या मुलांना ते बघायला लावलं. त्यानंतर ही मुलगी सायकलवरून भूमिगतांचे निरोप पोचवायला लागली, टोपणनाव गाब्रिएल्ला. त्या रस्त्याला आज हुतात्म्यांचा रस्ता म्हणतात, तिथे झाडाझाडावर नावं आहेत, मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच-सहा नावं वाचली आणि पुढची वाचवेनात.

पण मला तिचं खरं मोल वाटतं ते यानंतरच्या वर्षांचं, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. १९४४ च्या शेवटी ती ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षात आली आणि खासदार झाली १९६८ ला. मधली चोवीस वर्षं शिक्षण, शिक्षिकेची नोकरी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांची युनियन, मग प्राथमिक शिक्षकांची युनियन, पक्षाचं काम. त्यामुळे १९७६ ला कामगार मंत्री झाली तेव्हा कामगार बाईला काय सोसावं लागतं हे तिला कुणा सचिवाने फाईल वाचून सांगायची गरज नव्हती, आणि पुढच्याच वर्षी नोकरीत बाई-पुरुषांना समान वागणूक देणारा कायदा आला.

१९७८ ला ती आरोग्यमंत्री. आधी इथे ज्याच्या-त्याच्या धंद्याप्रमाणे वेगवेगळे आजारपणाचे फंड असायचे, कुणाला जास्त मिळायचं, कुणाला काहीच नाही. त्या डिसेंबरात कायदा झाला आणि सगळ्यांसाठी एकच सरकारी आरोग्यसेवा आली. माझी मुलगी इथल्या सरकारी दवाखान्यात झाली, घरी येताना कुणी बिल हातात दिलं नाही, माझा पासपोर्ट भारतीय आहे म्हणून वेगळी रांग नव्हती. स्पेशालिस्टची तारीख मिळायला महिनोन् महिने लागतात हेही खरं, आणि त्यावर इथली माणसं रोज चिडतात. पण गावाकडून फोन येतो की ॲडमिट करायचंय, ते हॉस्पिटल योजनेत बसतं का बघ, तेव्हा मला ही बाई आठवते.

मग १९८१. पी-टू नावाच्या गुप्त संघटनेची ९६२ नावांची यादी सापडली, त्यात मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, पत्रकार. चौकशी समितीचं अध्यक्षपद तिला मिळालं, ते देणारी सभागृहाची अध्यक्ष निल्दे योत्ती, कम्युनिस्ट, म्हणजे पक्की विरोधक. यादीत आन्सेल्मीच्या स्वतःच्या पक्षाची माणसं होती, तरी तिने हात आखडला नाही. त्यानंतर तिला मंत्रिपद पुन्हा कधीच मिळालं नाही.

आता इटलीचं सगळं छान आणि आपलं वाईट असं मी म्हणत नाहीये. १९४६ ला बायकांनी पहिल्यांदा देशपातळीवर मतदान केलं आणि मंत्री व्हायला तीस वर्षं गेली. पहिली महिला पंतप्रधान थेट २०२२ ला, त्यात आपण छप्पन्न वर्षं पुढे. राष्ट्राध्यक्ष तर अजून एकही बाई नाही. आपल्या महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, हे दार आन्सेल्मीच्या काळात इथल्या बायकांना कुणी उघडून दिलं नव्हतं. म्हणून आरक्षणाला नावं ठेवणारा मावसभाऊ मला अजिबात पटत नाही. पण दुसऱ्या भावालाही मला विचारायचंय की मामीला तुम्ही एक सीट दिली, आन्सेल्मीसारखी चोवीस वर्षं कुठे दिली? तिला बजेट वाचायला कोणी शिकवलं, तालुक्याच्या मीटिंगला कोणी नेलं? वीस वर्षं बचत गट चालवतेय ती, पै-पैचा हिशोब तिच्या वहीत आहे, पण पक्षातल्या कुणाला ते राजकीय काम वाटलंच नाही.

परवा मी तिला थेट फोन केला. म्हटलं मामी, निवडून आलीस तर तुला महिला-बालकल्याण समितीत ढकलतील, तयारी आहे का. ती म्हणाली, "अगं मला आरोग्य समिती पाहिजे, आपल्या उपकेंद्रात नर्स आठवड्यातून दोनदा येते, ते आधी बघायचंय." मग तिने मला विचारलं की तुमच्याकडे बाळंतपणानंतर घरी कोण येतं, आणि मी सांगत होते तेव्हा पलीकडे ती लिहून घेत होती.