आवाज वाढवला की कमी होतो!

गाडीबरोबर कंपनीतूनच बसवून आलेल्या स्टिरिओपुढे आता माझा संयम संपलाय. नॉब उजवीकडे फिरवला की आवाज वाढायच्या ऐवजी कमी होतो, आणि मग अचानक कानठळ्या बसतील इतका उसळतो. चालत्या गाडीत असं दचकायला होणं धोक्याचं आहे हो!

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "अख्खं युनिट बदलावं लागेल." का म्हणून? त्या नॉबमागे एक छोटा रोटरी एन्कोडर असतो. फिरताना तो दोन सिग्नल पाठवतो, आधी कोणता आला यावरून दिशा ठरते. आतले काँटॅक्ट झिजले किंवा मळले की सिग्नलची गल्लत होते आणि आवाज उलटसुलट पळतो. बऱ्याचदा काँटॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. नाहीच जमलं तर तेवढा एन्कोडर सोल्डर करून नवा बसवता येतो. पण उघडून बघायचे कष्ट कोण घेणार?

बिघाड नसला तरी छळ आहेच. वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढवणारी सेटिंग मेनूच्या पार तळाशी दडवलेली. ब्लूटूथवर फोनचा आवाज वेगळा, स्टिरिओचा वेगळा. फोनवर कमी असेल तर इकडे नॉब कितीही फिरवा, गाणं पुटपुटतच राहणार. नॉब तसाच वाढलेला ठेवून रेडिओवर गेलात की तो अंगावर धावून येतो.

स्टीअरिंगवरच्या बटणांनी आवाज नीट बदलतो आणि फक्त नॉब बिनसलाय, म्हणजे संशय आधी नॉबवरच घ्यायला हवा. एवढं तरी तपासा आणि मग बिल फाडा!