‘नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळी जवळ आली की आमच्या गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. थायलंडच्या पैसे भरून गरवायच्या तळ्यांत मोठे कॅटफिश गरवायचे असतील तर फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात गेलात तर पैसे पाण्यात. पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा. मोठा मासा रात्रीच लागतो. एप्रिलच्या मध्यावर चुकूनही जाऊ नका. खाली एक फोटो असतो: माणसापेक्षा लांब, करडा, गुळगुळीत मासा आणि त्याच्यामागे उभं अर्धं गाव.

फोटोपासूनच सुरुवात करू, कारण तोच मेसेजला खोटं पाडतो. तो मासा म्हणजे मेकाँगचा महाकाय कॅटफिश, थाई लोकांचा प्ला बुक. वजन 293 किलो, लांबी 2.7 मीटर. उत्तर थायलंडात चियांग खोंगजवळच्या हात ख्राई गावातल्या कोळ्यांनी तो मेकाँग नदीत जाळ्याने पकडला होता, 1 मे 2005 रोजी. म्हणजे ना तळं, ना गळ, ना नोव्हेंबर. नदीत या माशाचा हंगाम एप्रिल-मेमध्येच असे, कारण तेव्हा तो विणीसाठी प्रवाहाच्या वर चढतो. आता नदीतली ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तळ्यांत जो गळाला लागतो तो हॅचरीतल्या पिल्लांचा वंश. थायलंडच्या मत्स्य विभागाला 1983 मध्ये कृत्रिम प्रजनन जमलं, तिथून ही तळी भरायला लागली. तळ्यातल्या माशाला वर चढायला नदी नाही आणि गाठायची तारीखही नाही. बाराही महिने तो तिथेच असतो, कोणीतरी आमिषाचा लगदा टाकेल याची वाट बघत.

मग ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी’ आलं कुठून? हॉटेलांच्या दरपत्रकातून. समुद्रकिनाऱ्यावर पडून राहायला हे महिने उत्तम, हवा कोरडी, घाम कमी. पण हे सगळं माणसाच्या सोयीचं झालं. प्ला बुक मेकाँगचा, आणि तळ्यांत सोडलेला दुसरा मोठा मासा, तांबड्या शेपटीचा रेडटेल कॅटफिश, दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉन-ओरिनोको नद्यांचा. दोघेही कोमट पाण्याचे, आणि माशाचं अंग भोवतालच्या पाण्याइतकंच गरम असतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याचा चयापचय ढोबळमानाने निम्म्यावर येतो, म्हणजे भूकही तेवढीच उतरते. डिसेंबर-जानेवारीत चीनकडून थंड हवेची लाट खाली सरकते, तेव्हा बँकॉकमध्येही पहाटे स्वेटर निघतात. तळी उथळ असतात, दोन-तीन रात्रींत गार होतात.

माझ्याकडे ॲक्वेरियमचा एक जुना थर्मामीटर आहे. तंगुसाला बांधून तो मी तळाशी सोडतो, त्याच्याइतका प्रामाणिक वाटाड्या मला अजून भेटलेला नाही. एका नाताळात बँकॉकजवळच्या तळ्यावर सकाळी सात वाजता त्याने 23 अंश दाखवले होते. त्या दिवशी सहा जणांत मिळून एक मासा, तोही दुपारी तीन वाजता, ऊन तळापर्यंत पोचल्यावर. त्याच तळ्यावर एका जूनमध्ये पाणी 29 होतं आणि जेवायला हात धुवायची उसंत मिळाली नाही. दोन सहलींवरून मी शास्त्र मांडत नाही. पण ‘बेस्ट सीझन’ म्हणून दीडपट भाडं भरून थंड पाण्यात गळ टाकून बसणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं, की बेस्ट कुणासाठी?

याच महिन्यांत गर्दीही असते, ती वेगळीच. तळ्यातला मासा पकडून परत सोडायचा असतो. तोच मासा आठवड्यात दोनदा गळाला लागला की शहाणा होतो. नेदरलँड्समध्ये 1970 च्या सुमारास कार्पवर प्रयोग झाले, त्यांत एकदा लागलेला कार्प पुढे बराच काळ गळाला बधत नाही असं दिसलं. कॅटफिश कार्पइतका चतुर नसेल, पण मूर्खही नाही.

आता पाऊस. हा मुद्दा मेसेजवाल्याने सगळ्यात ठामपणे लिहिलाय आणि त्यातच तो सगळ्यात अर्धवट आहे. ‘पावसात मासा तोंड उघडत नाही.’ आधी आकडा बघा. बँकॉकला वर्षभरात साधारण 1,600 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत 800 च्या वर जातो. आषाढात लोकल पकडणाऱ्या माणसाला थायलंडच्या पावसाची भीती घालणं जरा गमतीचंच. बहुतेक दिवशी दुपारनंतर ढग भरून येतात, तास-दोन तास झोडपतात आणि मोकळं होतं. अशी सर माशाला मानवते. उन्हाने तापलेलं वरचं पाणी निवतं, थेंबांच्या माऱ्याने हवा मिसळते, आणि सर ओसरल्यावरचा तास मी तरी कधी चुकवत नाही.

वाईट पाऊस वेगळा. सलग तीन-चार दिवस आभाळ झाकलेलं असलं की तळ्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू बनवणं कमी करतं, रात्री मात्र तो वापरत राहतं. त्यावर मोठा मुसळधार पाऊस आला की वरचं गार झालेलं पाणी खाली बसतं आणि तळाचं, गाळातलं, प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिलापिया आणि आपला रोहू (तो तिथेही नेऊन सोडलाय) पृष्ठभागावर येऊन माना वर काढतात. मासा तोंड उघडतो हो, पण खायला नाही, श्वास घ्यायला. असं दिसलं की रॉड खाली ठेवा आणि चहा मागवा. एअरेटरची, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी, चक्रं रात्रभर फिरत असतील तर निम्मा धोका टळतो. म्हणून बुकिंग करताना मी महिना विचारत नाही, ‘रात्री चक्रं चालू ठेवता का?’ एवढंच विचारतो. एका तळ्याच्या मालकाने ‘हो हो’ म्हटलं होतं. गेलो तर चक्रं होती, वीज जोडलेली नव्हती.

शिवाय ‘थायलंडचा पावसाळा’ असा एक नसतोच. क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला, तिथे मे ते ऑक्टोबर ओला आणि जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. कोह सामुई पलीकडे, थायलंडच्या आखातात. तिथे ईशान्य मोसमी वारा पाऊस आणतो आणि वर्षातला सगळ्यात ओला महिना असतो नोव्हेंबर. म्हणजे मेसेज वाचून कुणी नोव्हेंबरात सामुईचं तिकीट काढलं तर नेमका भर पावसात पोचेल, आणि दोष माशाला देईल.

उन्हाळ्याबद्दल मेसेज गप्प आहे, तिथे थोडं बोलायला हवं होतं. मार्च ते मे पाणी 32 च्या पुढे जातं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 ला 7.3 च. भूक वाढलेली आणि दम कमी, अशी माशाची गत. अशा दिवसांत उजाडल्यावर थोडं ऊन पडू द्यावं, मग दहा-साडेदहापर्यंत बसावं, आणि पुन्हा संध्याकाळी. दुपारी लागलेला साठ किलोचा प्ला बुक अर्धा-पाऊण तास झुंजून काठाशी येतो तेव्हा पुरता थकलेला असतो. फोटोसाठी त्याला बाहेर उचलू नका, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरा. सोडल्यावर तो बुडाला म्हणजे वाचलाच असं नाही.

पौर्णिमेचं म्हणाल तर ही आपल्याकडचीच सवय आहे. कोकणातला माणूस तिथी बघून गरवायला जातो आणि ते बरोबरच आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती. खाडीत पाणी किती चढणार, मासा कुठवर आत येणार, हे त्यावर ठरतं. पण चार बांधांमधल्या तळ्याला भरती कुठली? अमेरिकेत जॉन ऑल्डन नाइट यांनी 1926 मध्ये चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासा कधी खाईल याचा सिद्धांत मांडला, त्याची ॲप्स आजही विकली जातात. मीही एक टाकलं होतं. त्याने ‘उत्तम’ दाखवलेल्या दिवशी मी एक छत्री गरवली.

‘मोठा रात्रीच’ हे रेडटेलबाबत अर्धं खरं. तो निशाचर आहे, तळाशी फिरतो, माशाचा तुकडा लावला की घेतो. पण ही तळी इतकी हिरवी-गढूळ असतात की दोन मीटर खाली भर दुपारीही अंधारच, आणि माझे बरेचसे रेडटेल दिवसाच लागलेत. काठाला आणला की तो घोगऱ्या आवाजात चक्क गुरगुरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातून दोरी सुटली होती.

प्ला बुकची गोष्टच निराळी. मोठ्या प्ला बुकला दात नसतात, शेवाळ-वनस्पतींवर जगणारा प्राणी तो. त्याला भाताचा कोंडा आणि ब्रेडचा चुरा नारळाच्या दुधात मळून, पुरणाच्या उंड्यासारखा गोळा करून, गळाजवळच्या तारेच्या स्प्रिंगभोवती थापून द्यायचा. बँकॉकच्या बुंगसामरान तळ्यावर टबच्या टब असा लगदा मळतात. फ्लोटखाली, मधल्या पाण्यात, दिवसाढवळ्या. आपल्याकडे हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो येतो तो बहुतेकदा याच्याच कुळातला धाकटा भाऊ. एक शाकाहारी, एक मांसाहारी, एक मधल्या पाण्यात, एक तळाशी, आणि मेसेजमध्ये दोघांना मिळून एकच वेळापत्रक.

मला कुणी तारीख विचारली तर बँकॉक आणि त्याच्या पश्चिमेच्या राचबुरीकडे जून-जुलै किंवा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सांगतो, क्राबीला फेब्रुवारी, सामुईला मार्च. निघण्याआधी तीन दिवसांचं रात्रीचं तापमान बघायचं, आणि शनिवार-रविवार सोडून जायचं.

मेसेजमधली एप्रिलच्या मध्याची सूचना मात्र पटते. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष. मासे लागतात, पण तळ्यावरच्या खोल्या थाई कुटुंबांनी आधीच घेतलेल्या असतात, आणि रस्त्यात प्रत्येक जण तुमच्या अंगावर बादली ओततो. माझा लगद्याचा डबा त्यातच वाहून गेला.