पाळणाघराला तपासणी नको म्हणणाऱ्यांना, एका पाळणाघरवालीकडून

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पाळणाघरं आणि नर्सऱ्यांना सरकारी नोंदणी-तपासणी लागली तर इन्स्पेक्टर राज येईल, फी वाढेल, घरगुती पाळणाघरवाल्या काकू घरी बसतील. आणि गरज तरी काय? पालक बघतात, सीसीटीव्ही आहे, कायदेही आहेत. मी डोंबिवलीत सतरा वर्षं घरात पाळणाघर चालवलं. मेसेजमधल्या त्या काकूंपैकीच मी एक, म्हणून लिहिते.

‘पालक बघतातच.’ पालकांना दिसतं ते सकाळी साडेआठचं दार आणि संध्याकाळी सातचं दार. लोकल गाठायची असते, चप्पल काढायलाही सवड नसते. मधल्या साडेदहा तासांत काय झालं ते दीड वर्षाचं मूल सांगणार कसं? माझ्याकडचंच सांगते. दुपारी दीडची वेळ. मदतनीस गावी गेलेली, नऊ मुलं आणि मी एकटी. सगळी निजली असं समजून मी एका बाळाचं लंगोट बदलत होते. तेवढ्यात सव्वा वर्षाच्या मुलीने कुणाच्या तरी डब्यातून सांडलेला शेंगदाणा तोंडात घातला. घशात अडकला, पण आवाज काहीच नाही. सहज मान वळवली म्हणून तिचा चेहरा दिसला. पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा दाणा बाहेर पडला. हेही कुणी शिकवलं नव्हतं, आईला एकदा करताना पाहिलं होतं तेवढंच. संध्याकाळी तिच्या आईला सगळं सांगितलं. पण एकटीने इतकी मुलं ठेवू नका, हे मला बजावायला सतरा वर्षांत एक माणूस आला नाही. आणि रोज सगळं सुरळीत होतं म्हणून मलाही ते चुकीचं वाटेनासं झालं होतं.

‘कायदे आहेत.’ कुठले? २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायला लावली, गल्लीतल्या पाळणाघराशी तिचा संबंध नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं सुचवलंय, पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माझ्याकडे होता फक्त शॉप अ‍ॅक्टचा कागद. थोडीच माणसं कामाला असली की ऑनलाइन कळवायचं, झालं. माझ्या शेजारणीला पोळीभाजीचे डबे द्यायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते.

‘सीसीटीव्ही आहे.’ नोव्हेंबर २०१६मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तिथेही कॅमेरा होता. मारहाण त्यात नीट दिसली, पण बाळ जखमी झाल्यावर. ते फुटेज मी पूर्ण पाहू शकले नाही.

‘इन्स्पेक्टर राज येईल.’ चिरीमिरीची भीती खोटी नाही, मला ती मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे तपासणीचा कागद दारावर लावायचा, पालकांना वाचता येईल असा. पण तपासणी हीच आपल्याकडे नवी गोष्ट असल्यासारखं बोलू नका. अंगणवाडी १९७५पासून आहे. तिथे मुख्यसेविका येते, हजेरी बघते, मुलांच्या वजनाच्या नोंदी तपासते. गरिबाचं मूल जिथे बसतं तिथे कुणीतरी जाऊन पाहतं, आणि हजारो रुपये फी घेणाऱ्या नर्सरीत कुणी पाहायचं नाही, हे मला पटत नाही.

‘फी वाढेल.’ वाढेल. जास्तीची बाई ठेवायची तर तिला पगार द्यावा लागणारच. पाच मुलांच्या घराला साठ मुलांच्या नर्सरीचे नियम लावू नयेत, छोट्यांना सुधारायला वेळ आणि फुकट प्रशिक्षण द्यावं. यासाठी भांडायचं असेल तर मी तुमच्याबरोबर येते.

एप्रिल २०२५मध्ये शालेय शिक्षण विभागाने ३ ते ६ वयोगटाच्या खासगी केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. चांगलं झालं. पण तीनच्या आतली मुलं त्यात येत नाहीत, आणि पाळणाघरात तीच जास्त असतात. शिवाय पोर्टलवरची माहिती चालक स्वतः भरतो. शेंगदाण्याच्या त्या प्रसंगाच्या वेळी मला विचारलं असतं तर मीही ‘मदतनीस : एक’ असंच भरलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. तपासणीला येणाऱ्या बाईंनी न कळवता यावं, दुपारी दीडला.